सर्वानुमते जनरेटर

माणसाला उजेडाची गरज असते, पण त्याहून मोठी गरज असते ती शेजाऱ्याकडे उजेड आहे की नाही हे कळण्याची. लाईट गेली की सुसंस्कृत माणूस आधी मेणबत्ती शोधत नाही, गॅलरीत जातो. समोरच्या इमारतीतही अंधार दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो, आणि मग तो समाधानाने घरात येऊन टेबलाच्या पायाला ठेचकाळतो. आमच्या इमारतीत केलेल्या पाहणीनुसार शेकडा नव्वद रहिवासी असंच करतात. (उरलेले दहा टक्के त्या वेळी लिफ्टमध्ये असतात.)

घरासाठी जनरेटर कसा निवडावा, यावर बाजारात पुष्कळ माहितीपत्रकं मिळतात. ती विकणाऱ्यांनी लिहिलेली असल्यामुळे त्यांत यंत्राबद्दल सगळं असतं आणि निवडीबद्दल काहीच नसतं. यंत्र काय, कारखान्यात तयार होतं. निवड मात्र माणसांना करावी लागते आणि तिला शिस्त लागते. इमारतीचा चिटणीस या नात्याने ही शिस्त मी फार जवळून पाहिली आहे. किंबहुना तिचा मसुदा माझ्याच हातचा आहे. ज्यांना जनरेटर घ्यायचा आहे त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढाच या लेखनाचा हेतू.

प्रकरणाची सुरुवात तळमजल्यावरच्या काकांपासून झाली. काका श्वासाच्या मशीनवर असतात. पलंगाशेजारी ठेवायच्या लहान कपाटाएवढं, चाकांवर फिरणारं हे मशीन खोलीतली हवा ओढून घेतं आणि तिच्यातला प्राणवायू नळीतून काकांच्या नाकापर्यंत पोहोचवतं. ते विजेवर चालतं. लाईट गेली की पीप पीप करतं आणि थांबतं. मग काकू एक छोटा सिलिंडर जोडतात, पण तो फार वेळ पुरत नाही. मध्यंतरी लाईट सारखी जायला लागली, तेव्हा सिलिंडर आधी संपतो की लाईट आधी येते, याकडे डोळे लावून बसणं हे काकूंचं रोजचं काम होऊन बसलं.

एरवी काका खिडकीत बसून शब्दकोडं सोडवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून अडलेला शब्द विचारायचे. मी घाईत असलो की तोंडाला येईल तो शब्द सांगून सटकायचो. दुसऱ्या दिवशी ते खिडकीतून हसत सांगायचे, कालचा शब्द बसला नाही, पण नवा कळला.

पहिल्या मजल्यावर टेलर वहिनी राहतात. शिलाईच्या मशीनसाठी त्यांनी स्वतःचा इन्व्हर्टर घेतला होता. लाईट गेली की त्या गॅलरीतून एक लांब वायर खाली सोडायच्या, काकू ती छत्रीच्या दांड्याने खिडकीत ओढून घ्यायच्या आणि काकांचं मशीन पुन्हा सुरू व्हायचं. या व्यवस्थेला ठराव नव्हता, मंजुरी नव्हती, देखरेख नव्हती. ती नुसतीच चालत होती. जबाबदार संस्थेला अशी गोष्ट फार दिवस खपवून घेता येत नाही.

अध्यक्षांच्या नजरेला ती वायर पडली. आमचे अध्यक्ष एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झाले आहेत. तिथे त्यांचं काम नेमकं काय होतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी ते कधी तुंबू दिलं नाही. त्यांनी सभा बोलावली आणि इमारतीच्या दर्शनी भागावर लोंबणारी वायर हा दिसायला वाईट, नियमाला वाकडा आणि तात्पुरता उपाय आहे हे सर्वांच्या लक्षात आणून दिलं. काकांसारख्या ज्येष्ठ रहिवाशाचा श्वास वायरीवर लोंबकळत ठेवणं आपल्याला शोभतं का, असा सवाल त्यांनी केला. कोणालाच शोभलं नाही. काकांसाठी कायमस्वरूपी जनरेटर घ्यायचा, हा ठराव चहा यायच्या आत सर्वानुमते मंजूर झाला. कित्येकांचे डोळे पाणावले होते.

जनरेटर येणार म्हटल्यावर वायरीची गरज उरली नाही, म्हणून तिच्यावर त्याच सभेत बंदी घातली गेली. टेलर वहिनींनी विचारलं की जनरेटर येईपर्यंत काय करायचं. हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता. पुढे वर्गणी भरायची म्हणून त्यांनी तो इन्व्हर्टर विकून टाकला आणि संस्थेशी सहकार्य केल्याबद्दल त्यांचं अभिनंदन करण्यात आलं.

इथे आमच्या इमारतीच्या एका परंपरेविषयी सांगणं भाग आहे. आमच्याकडे बहुमताने काहीही होत नाही. जे होतं ते सर्वानुमते होतं, नाहीतर होतच नाही. कोणाचंही मन मोडायचं नाही, हे इमारतीचं पहिलं तत्त्व. फाटकाचा रंग ठरवताना प्रत्येकाची आवड निराळी निघाली, तेव्हा आम्ही प्रत्येकाच्या आवडीचा एकेक पट्टा मारला. परके लोक फाटकाला हसतात. पण त्या फाटकामागे एकही नाराज माणूस राहत नाही, हे त्यांना कुठे माहीत असतं.

पहिला जनरेटरवाला आला, त्याने काकांचं मशीन पाहिलं, मागची पट्टी वाचली आणि पिशवीतून शिवणाच्या डब्याएवढी एक बॅटरी काढून टेबलावर ठेवली. "एकच मशीन ना? मग एवढं पुरे. उचलून कुठेही नेता येतं," तो म्हणाला.

जनरेटर निवडायला नेमलेल्या समितीने ती बॅटरी सगळ्या बाजूंनी न्याहाळली. एवढ्याशा वस्तूसाठी समिती कशाला हवी, उपसमिती कशाला, आणि मी तरी कशाला, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात आला असणार. अध्यक्षांनी ती बॅटरी एका बोटाने त्याच्याकडे सरकवली. "आम्ही इमारत आहोत," ते म्हणाले. त्याला पुन्हा बोलावलं नाही. ज्याला दृष्टी नाही अशा माणसाकडून यंत्र घेतलं की पुढे दुरुस्तीला त्रास होतो.

दुसरा जनरेटरवाला अनुभवी होता. त्याने काहीच मोजलं नाही. तो सोफ्यावर मागे टेकून म्हणाला, "आधी सांगा, लाईट गेल्यावर तुम्हाला काय काय चालू ठेवायचंय?" हा प्रश्न ऐकताच इमारतीत जे चैतन्य पसरलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. इतकी वर्षं आम्ही एकमेकांशेजारी राहिलो, पण आपल्याला काय हवंय हे आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं.

मी लगोलग प्रत्येक घरात एकेक कागद पाठवला. प्रत्येक कुटुंबाने एकच अत्यावश्यक वस्तू कळवायची होती, म्हणजे जिच्याशिवाय लाईट नसताना जगणं अशक्य आहे अशी. आलेल्या उत्तरांतली काही इथे देतो, कारण जनरेटर निवडताना आधी आपली गरज ओळखावी, असं सर्व तज्ज्ञ सांगतात.

अध्यक्षांनी बैठकीच्या खोलीतला एसी कळवला. समितीचे निर्णय थंड डोक्याने व्हावेत ही त्यामागची भूमिका. दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने भिंतभर टीव्ही लिहिला आणि कंसात 'आवाजासह' असा खुलासा केला. त्यांच्या शेजाऱ्यांनी धावायचा पट्टा मागितला. लिफ्ट बंद असताना जिने चढूनच व्यायाम होतो, मग पट्टा कशाला, असं मी विचारून पाहिलं. पण जिन्याने माणूस वर पोहोचतो आणि पट्ट्यावर तो आहे तिथेच राहतो, हा फरक त्यांनी माझ्या लक्षात आणून दिला. एका घराने दारावरची बेल मागितली. लाईट नसताना पाहुणे आले तर घरात आहोत की नाही हे ठरवायला वेळ मिळाला पाहिजे. वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. त्यांनी माशांच्या टाकीतला हवेचा पंप लिहिला. पंप थांबला की माशांना प्राणवायू कमी पडतो आणि ते पाण्याच्या वर तोंड काढून तडफडतात, हे त्यांनी सभेत इतक्या कळवळ्याने सांगितलं की ऐकणाऱ्यांना स्वतःचा घसा कोरडा पडल्यासारखं वाटलं. मुक्या जिवांसाठी आपण नाही बोलायचं तर कोणी, असं अध्यक्ष म्हणाले. माशांना यादीत वरचा क्रमांक मिळाला.

मी स्वतःसाठी काहीही मागितलं नाही. पत्नीच्या नावे बेडरूमचा एसी तेवढा लिहिला.

तळमजल्याचा कागद कोरा परत आला. जनरेटर काकांच्या मशीनसाठीच येतोय, तर ते पुन्हा काय लिहायचं, असं काकूंना वाटलं. उपसमितीने कागद दोन्ही बाजूंनी तपासला आणि 'तळमजला: गरज नाही' अशी नोंद केली.

यंत्रं सुरू होताना जास्त वीज खातात आणि मग हळूहळू सरळ येतात. या बाबतीत ती लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखी आहेत. सगळ्यांचा पहिला घास धरून हिशोब केला, तेव्हा जनरेटर चांगलाच मोठा निघाला. इतका मोठा, की गच्ची त्याचं वजन पेलणार नव्हती आणि गाड्यांच्या जागेत तो ठेवला तर गाड्या रस्त्यावर ठेवाव्या लागणार होत्या. गाड्यांची मनं मोडणं शक्य नव्हतं. शेवटी इमारतीच्या बाजूला एक मोकळी जागा सापडली. ती काकांच्या खिडकीखाली होती. ज्यांच्यासाठी यंत्र आणायचं त्यांच्याच उशाशी ते असावं, यात एक प्रकारचं औचित्य आहे, असं मी कार्यवृत्तात लिहिलं. ते वाक्य अध्यक्षांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

आणि इथेच घोडं अडलं. जनरेटरवाल्याने बसवण्याच्या सूचना पाठवल्या, त्यांत एक ओळ होती: धूर बाहेर सोडणारा पाइप आजारी माणूस राहत असलेल्या खोलीच्या खिडकीजवळ नसावा. समितीने ती ओळ भिंगाखाली धरली. जनरेटर हलवावा तर जागा नाही. लहान करावा तर कोणाची तरी वस्तू वगळावी लागणार, म्हणजे एकमत मोडणार. पाइप उंच करून गच्चीवर न्यावा तर तो अध्यक्षांच्या गॅलरीवरून जाणार. दोन सभा यातच गेल्या. बिस्किटं संपली तरी कोणाला काही सुचेना.

सुचलं ते प्रोफेसरांना. ते म्हणाले की सूचना नीट वाचली तर तिच्यात तीन गोष्टी आहेत: पाइप, खिडकी आणि आजारी माणूस. पाइप हलू शकत नाही. खिडकी हलू शकत नाही. मग आता हलण्यासारखं काय उरलं, ते आपणच बघा.

सगळ्यांनी बघितलं. एवढा सरळ विचार आपल्याला आधी का सुचला नाही, याची काहींना लाज वाटली. काका आजारी आहेत हे ठरवलं कोणी? समितीने तर कधीच नाही. जुनी कार्यवृत्तं मी रात्रभर चाळून, म्हणजे जेवणानंतर थोडा वेळ, पाहिली. काका आजारी असल्याचा एकही ठराव त्यांत नव्हता. इतकी वर्षं एक माणूस कुठल्याही मंजुरीशिवाय आजारी होता, आणि आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

सर्वसाधारण सभा गाड्यांच्या जागेत भरली. काका खिडकीत बसले होते. नळी लांब करून ते तिथपर्यंत येऊ शकतात. काकू औषधांच्या दुकानात गेल्या होत्या. मी ठराव वाचला: 'तळमजल्यावरील सदर खोलीत कोणीही आजारी व्यक्ती राहत नाही, असे ही सभा सर्वानुमते नमूद करते.' काकांनी हात वर केला. त्यांना काही बोलायचं होतं हे मला दिसत होतं. पण बोलण्याआधी त्यांना श्वास जमवावा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि सभेत हात वर करण्याचा अर्थ एकच असतो. प्रोफेसरांनीही हात वर केला, मग अध्यक्षांनी, मग सगळ्यांनी. काकांचा श्वास जमेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या.

टाळ्या थांबल्यावर काका म्हणाले, "हे आधी कळवलं असतंत... तर नळी... लावली नसती."

ठरावाबद्दल काकांनी समाधान व्यक्त केलं, असं मी लिहून घेतलं. त्या वेळी मला आत कुठे तरी वाईट वाटलं. ते लिहून घेतलं नाही, कारण चिटणिसाला काय वाटलं यासाठी कार्यवृत्तात रकाना नसतो.

काकू संध्याकाळी आमच्याकडे आल्या. त्यांच्या हातात ठरावाची प्रत होती. त्या बसल्या नाहीत. मी त्यांना शांतपणे समजावलं की पूर्वी काकांचं मशीन वैद्यकीय गरज या सदरात होतं. आता काका आजारी नसल्यामुळे ते खासगी उपकरण ठरतं, धावायच्या पट्ट्यासारखं. खासगी उपकरणं कळवायची मुदत संपली आहे आणि त्या मुदतीत तळमजल्याने गरज नसल्याचं कळवलं आहे. जनरेटरचा भार भरला आहे. तरीही समितीने सहानुभूतीने विचार करून त्यांना प्रतीक्षा यादीत पहिलं ठेवलं आहे. यादीत दुसरं कोणी नाही.

"भाऊजी," काकू म्हणाल्या, "ते झोपले की मी मशीनचा आवाज ऐकत पडते. तो थांबला की मला उठायचं असतं. इतकंच मला कळतं. तुमचं हे माझ्या डोक्यात शिरत नाही."

माझी पत्नी दारात उभी होती. ती मला म्हणाली, "काका बरे झाल्याचं त्यांच्या फुप्फुसांनाही लेखी कळवलंत ना?" आणि ती काकूंबरोबर खाली गेली. बायकांना प्रक्रियेचं वावडं असतं असं अध्यक्ष म्हणतात, पण ते हे घरी म्हणत नाहीत.

जनरेटर आला. क्रेनने उतरवला, हिरवा रंग, अंगावर झाकण, बघणाऱ्याची छाती भरून यावी असा. तो बसल्यावर काकांची खिडकी पूर्वीसारखी उघडता येईना. थोडी फट राहायची, तीही धूर आत जाऊ नये म्हणून काकूंनी कापडाने बंद केली. शब्दकोड्याचा उपद्रव आपोआप थांबला. जाता-येता कोणी अडवत नसल्यामुळे रहिवाशांचा वाचलेला वेळ हा जनरेटरचा पहिला फायदा म्हणून मी नोंदवला.

आता फक्त लाईट जायची बाकी होती. पण वीज कार्यालयाने नेमक्या त्याच सुमारास भागातल्या जुन्या तारा बदलल्या आणि लाईट जाणं बंद झालं. समितीला हा सरळ सरळ विश्वासघात वाटला. आमचं एक शिष्टमंडळ कार्यालयात गेलं. लाईट का जात नाही याची तक्रार कुठल्या खिडकीवर करायची, हे तिथल्या कारकुनाला सांगता आलं नाही. साहेबांनी मात्र आमचं म्हणणं ऐकून घेतलं. शक्य असेल तर एखादी छोटीशी, सोयीच्या वेळची, अशी अध्यक्षांनी विनंती केली. साहेब म्हणाले की सध्या तशी काही योजना नाही, पण पुढे कधी गेलीच तर आमचीच समजावी. सरकारी माणूस इतकं गोड बोलला की काम होणार नाही हे समजून घ्यावं.

जनरेटरवाल्याने वेगळीच काळजी लावली. मोठं यंत्र नुसतं उभं ठेवलं तर खराब होतं. आठवड्यातून एकदा पूर्ण भार देऊन चालवलंच पाहिजे, असं त्याने बजावलं. भार द्यायचा तर बाहेरची वीज बंद करावी लागते. मग इमारतीचा मुख्य स्विच आपणच पाडावा आणि आपलीच लाईट आपण घालवावी, हे ओघानेच आलं. वीज कार्यालयाच्या मेहेरबानीवर किती दिवस बसायचं? स्वावलंबन म्हणतात ते हेच.

रविवारी सकाळी सगळी इमारत फाटकाजवळ जमली. खुर्च्या मांडल्या, चहा आला. तळमजल्याला निमंत्रण नव्हतं आणि पूर्वसूचनाही नव्हती. सूचना फक्त लाभार्थ्यांना द्यायची होती. अध्यक्षांनी थोडक्यात भाषण केलं. काकांसारख्या ज्येष्ठ रहिवाशासाठी सुरू झालेलं हे कार्य आज पूर्ण होत आहे, असं सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने मुख्य स्विच खाली ओढला.

क्षणभर सगळं बंद झालं. मग जनरेटर खोकला, थरथरला आणि सुरू झाला. वर टीव्ही सुरू झाला, आवाजासह. बेल वाजवून पाहिली गेली. पट्टा धावू लागला. वरच्या मजल्यावरून प्रोफेसरांनी ओरडून सांगितलं की मासे छान आहेत. लोकांनी एकमेकांचे हात हातात घेतले. मधेच कुठून तरी पीप पीप असा बारीक आवाज येत होता. तो जनरेटरचाच असेल, नव्या यंत्राला सवय व्हायला वेळ लागतो, असं अध्यक्ष म्हणाले. मला तो आवाज ओळखू आला. माझ्या हातात चहाचा कप होता. तो ठेवायला जवळपास टेबल नव्हतं.

तळमजल्याचं दार उघडलं. काकू एका हाताने काकांना धरून आणि दुसऱ्या हाताने मशीन ओढत बाहेर आल्या. काकांच्या खांद्याला तो छोटा सिलिंडर लटकत होता. मशीनची चाकं फाटकाखालच्या लोखंडी पट्टीत अडकली, तेव्हा टेलर वहिनींनी खुर्ची बाजूला ढकलून ते उचललं आणि दुसऱ्या बाजूने माझ्या पत्नीने. काका समारंभासाठीच आलेत असं समजून लोकांनी आदराने वाट करून दिली. एकाने त्यांच्यापुढे चहा केला. धुराची एक लाट आली आणि काका तोंडावर हात धरून, मान खाली घालून तिच्यातून गेले.

रस्त्यापलीकडे दातांचा दवाखाना आहे. तिथे लाईट होतीच, आणि डॉक्टरीणबाई त्या सकाळी साफसफाईसाठी आल्या होत्या. त्यांनी काकांना त्या लांबट खुर्चीत निजवलं, खुर्ची मागे केली, मशीन जोडलं आणि वरचा प्रखर दिवा तेवढा बंद केला. कोणाला विचारलं नाही, कोणाच्या सह्या घेतल्या नाहीत, दुखणं दाताचं नाही, मग नोंद कुठल्या सदरात करायची, हेही पाहिलं नाही. अशाने दवाखाना किती दिवस चालेल याबद्दल मला शंका आहे.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी अध्यक्ष स्विच पाडतात, इमारत उजळते आणि काका दातांच्या खुर्चीत जातात. रविवारी तो दवाखाना बंद असतो. डॉक्टरीणबाई तेवढ्यासाठी येऊन उघडतात. खरी लाईट अजून एकदाही गेलेली नाही. म्हणजे काकांचं मशीन आता बंद पडतं ते फक्त जनरेटरमुळे. याचा अर्थ परिस्थिती पूर्णपणे आमच्या नियंत्रणात आली आहे, आणि असं नियंत्रण फार थोड्या इमारतींना साधतं. सगळी चाचणी होईपर्यंत माझी पत्नी काकूंबरोबर तिकडेच बसते. त्यामुळे बेडरूमचा एसी मी एकटाच तपासतो. तिथे गार वाटतं आणि खालचं काही ऐकू येत नाही.

गेल्या आठवड्यात मी काकूंना विचारलं की जनरेटरविषयी काही सूचना आहे का. त्या म्हणाल्या, "आहे. रविवारी पाऊस असला तर नका चालवू. यांना भिजवत न्यावं लागतं." ही सूचना मी समितीपुढे ठेवली आहे. एकमत व्हायचं आहे.

हा अनुभव मी आता पुष्कळ ठिकाणी सांगितला आहे. ऐकणारे मन लावून ऐकतात, अध्यक्षांना हसतात, माशांना हसतात, काका रस्ता ओलांडतात तिथे मान हलवून हळहळतात. मग प्रश्न विचारतात. डिझेल किती लागतं? आवाज वरपर्यंत येतो का? एसी चालतो का? काकांना नेमकं झालंय काय, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीही नाही. वर कुठे लिहिलं असेल म्हणून आता मागे वळून शोधू नका, मी ते लिहिलेलंच नाही. इथपर्यंत तुमचं त्यावाचून काही अडलं नाही. म्हणजे तुमचं आणि आमच्या समितीचं या बाबतीत एकमत आहे, आणि मी ते तसं लिहून ठेवतो.

एसी चालतो.